रेड डेड रिडेम्प्शन २ : घाईत असाल तर फिरकू नका

रानवारा (धागाकर्ता)

हा गेम २६ ऑक्टोबर २०१८ ला प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर आला, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात पीसीवर. आजवर ७ कोटींच्या वर प्रती खपल्या आहेत, त्यामुळे ओळख करून देण्यासाठी हा धागा नाही. मला बोलायचंय एका तक्रारीबद्दल. गेमचं नाव काढलं की कोणीतरी म्हणतंच, "भारी आहे, पण फार स्लो आहे राव."

स्लो आहेच. माझं म्हणणं असं की सगळी जादू त्या संथपणातच आहे. तो काढून टाकला तर उरेल तो बऱ्यापैकी गोळीबाराचा एक खेळ, आणि तसले खेळ ढिगानं पडलेत.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साल १८९९. अमेरिकेच्या पश्चिमेतलं मोकळं रान संपत आलंय. रेल्वे पोचलीय, तारांची कुंपणं पडलीत, बँका आणि तेलवाले आलेत. अशा वेळी डच व्हॅन डर लिंडची वीसेक जणांची दरोडेखोर टोळी ब्लॅकवॉटरचा एक फसलेला दरोडा मागे टाकून बर्फाच्या डोंगरात लपलीय. आपण आर्थर मॉर्गन, डचचा उजवा हात. पोरसवदा वयात टोळीत आलेला, आता पस्तिशी उलटलेला आणि थकलेला.

तर संथपणा. दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये कपाटाजवळ जाऊन बटण दाबलं की माल आपल्या झोळीत. इथे आर्थर खण ओढतो, आतला डबा उचलतो, खिशात घालतो, मग पुढचा. हरीण मारलं तर सुरी काढून कातडं सोलावं लागतं, ते गुंडाळून घोड्यापर्यंत वाहून न्यायचं, पाठीवर टाकायचं. मेलेलं जनावर बरेच दिवस घोड्यावर तसंच ठेवलंत तर त्याला माश्या लागतात. बंदूक साफ केली नाही तर मारा कमी होतो. घोड्याला खरारा करायचा, चारायचं, चुचकारायचं, तेव्हा कुठे तो तुमच्यावर विश्वास टाकतो आणि लांडगे दिसले तरी बिथरत नाही. आणि तो मेला की मेला. नवा घोडा घेता येतो, पण सगळं पुन्हा पहिल्यापासून.

छावणीत तर पळताच येत नाही. कितीही बटणं बडवा, आर्थर चालतच जातो. सुरुवातीला ह्याचा राग येतो. मग एक दिवस लक्षात येतं की चालत गेल्यामुळे कोण काय बोलतंय ते कानावर पडतंय. पिअरसन आचारी रडगाणं गातोय, मेरी-बेथ पुस्तक वाचतेय, डचचा जुना साथीदार होझिया आणि डच यांचा पैशांवरून दबक्या आवाजात वाद चाललाय. पुढे जेव्हा ह्या माणसांचं काहीतरी बरंवाईट होतं तेव्हा ते लागतं. का लागतं? तर आपण त्यांच्या शेकोटीशी उगाच बसलेलो असतो.

तुम्हाला काय वाटतं? मोठा रसभंग करणार असाल तर आधी तसं लिहा, अजून न खेळलेले लोक इथे आहेत.

तिखटजाळ

पॉपकॉर्न घेऊन बसणार होतो, पण लिहावंच लागतंय.

मी सुरुवातीच्या, कोल्टरच्या बर्फातच सोडून दिला होता. नंतर मित्राच्या आग्रहाखातर परत धरला आणि आता अर्ध्याच्या पुढे आहे. रात्री जेवण उरकून, पोरगं झोपवून एखादा तास मिळतो. त्यात गेममधल्या व्हॅलेंटाइन गावाहून स्ट्रॉबेरी गावाला घोड्यावरून जायचं आणि झोपायचं. ह्याला मी जादू म्हणत नाही.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे आणि धागाकर्त्यांनी तिला हातच घातला नाही. हे जग मोकळं आहे ना? मग मोहीम सुरू झाली की गळ्यात दोरी का? सांगितलेल्या वाटेवरून चार पावलं बाजूला गेलो की 'मोहीम फसली'. टेकडीमागून वळसा घालून शत्रूला गाठू म्हटलं, फसली. साथीदाराच्या पुढे घोडा काढला, फसली. एरवी अस्वल कसं मारायचं ते माझं मी ठरवतो आणि दरोडा टाकताना मात्र लेखकानं आखलेल्या रेघेवरून चालायचं. हे दोन गेम एका डब्यात कोंबलेत.

रानवारा

@तिखटजाळ, दोन गेम एका डब्यात हे अगदी पटलं. मोहिमा सिनेमासारख्या लिहिल्यात आणि बाहेरचं जग वेगळ्याच मंडळींनी रचल्यासारखं आहे. मी मोहिमांकडे कथा पुढे सरकवण्याचं साधन म्हणून बघतो. एक मोहीम झाली की चार दिवस रानात. लेखकाला जे सांगायचंय त्यातलं निम्मं तर बाहेरच सापडतं.

उदाहरण देतो. रस्त्याच्या कडेला एक माणूस कण्हत बसलेला असतो, पायाला साप चावलेला. विष ओढून काढलंत तर तो आभार मानतो, विषय संपला. पुढे कधीतरी गावात जाता, तर तोच बंदुकीच्या दुकानाबाहेर बसलेला. म्हणतो, आत जा आणि हवं ते घे, पैसे माझ्याकडून. नकाशावर ह्याची खूण नाही, यादीत नोंद नाही. घाईत असता तर त्याच्या अंगावरून घोडा नेला असता.

आणि एका तासात व्हॅलेंटाइन ते स्ट्रॉबेरी होतं हो. वाटेत शिकारीला थांबत असाल!

तिखटजाळ

थांबतो. दोष माझा नाही, हरणांचा आहे.

पक्षीवेडा

+१ बाहेरच्या जगाला. मी हा गेम खेळतो कमी आणि दुर्बीण लावून बसतो जास्त. जवळपास दोनशे जातींचे प्राणीपक्षी आहेत आणि ते नुसते शोभेला ठेवलेले नाहीत. गरुड झपकन येऊन मासा उचलतो. लांडगे कळपानं हरणाला घेरतात.

मला सगळ्यात भिडलेली गोष्ट मात्र गेममधल्या लेमॉइन प्रांताच्या दलदलीतली. तिथे कॅरोलिना पोपट आहेत, हिरवे, डोकं पिवळंकेशरी. गेममध्ये त्यांची संख्या मर्यादित ठेवलीय. मारत सुटलात तर एक वेळ अशी येते की तुमच्या खेळातून ती जात कायमची नाहीशी होते. बाकी सगळे प्राणी पुन्हा दिसतात, हे नाही. खऱ्या जगात ह्या जातीचा शेवटचा माहीत असलेला पोपट १९१८ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

गेममधल्या सेंट डेनिस शहरात अल्जर्नन वास्प नावाचा एक नटवा गृहस्थ भेटतो. बायकांच्या टोप्यांसाठी त्याला बगळ्यांची पिसं हवी असतात आणि तो आपल्याला शिकारीला पाठवतो. हे अजिबात काल्पनिक नाही. त्या काळात टोप्यांच्या फॅशनपायी अमेरिकेतले बगळे संपायची वेळ आली होती आणि बेकायदा शिकारीच्या व्यापाराला चाप लावणारा लेसी कायदा १९०० मध्ये झाला. म्हणजे गेमच्या कथेनंतर एका वर्षात. गेममध्ये ह्याबद्दल कोणी भाषण ठोकत नाही. पिसं आणून दिलीत की पैसे मिळतात, बस. विचार काय करायचा तो तुम्ही करा.

खोडकर काका

एवढं गंभीर वातावरण बघून मला लंबॅगो झाला.

(ज्यांना कळलं त्यांना कळलं. ज्यांना नाही त्यांच्यासाठी: टोळीत 'अंकल' नावाचा एक म्हातारा आहे, कामाचं नाव काढलं की त्याची कंबर धरते. सगळे मरमर राबतात, हा झाडाखाली बाटली घेऊन. माझं आवडतं पात्र. प्रत्येक गावकीत आणि हापिसात एक असतोच.)

अवांतर: थंडीत गेलं की घोड्याच्या गोट्या आकसतात, हे पण त्यांनी बनवलंय. गेम यायच्या आधी जगभर ह्याच गोष्टीची चर्चा झाली होती. कोणीतरी इंजिनिअर घरी जाऊन बायकोला 'आज काय केलंस ऑफिसात?' ह्याचं काय उत्तर देत असेल?

बंगळूरचा चित्रकार

@खोडकर काका, आमच्या धंद्यात ह्याहून विचित्र उत्तरं दिलेली आहेत. :)

मी गेम आर्टमध्ये आहे (हा गेम बनवणाऱ्या रॉकस्टारमध्ये नाही, आधीच सांगतो). इथे बऱ्याच जणांना माहीत नसेल, पण रॉकस्टारचा बंगळूरला स्टुडिओ आहे आणि २०१९ मध्ये त्यांनी इथलीच ध्रुव इंटरॅक्टिव्ह विकत घेतली. राजेश राव यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली, भारतातल्या अगदी जुन्या गेम कंपन्यांपैकी एक. ह्या गेमवर रॉकस्टारच्या जगभरच्या सगळ्या स्टुडिओंचे हात लागलेत, त्यात बंगळूरही आलं. म्हणजे व्हॅलेंटाइनच्या चिखलात आपल्याकडच्या कोणाची तरी रात्रपाळी मिसळलेली असणार.

रात्रपाळीवरून आठवलं. संथपणाची जादू वगैरे ठीक, पण ही प्रत्येक खणाची, प्रत्येक डब्याची हालचाल कोणीतरी बसून केलीय. गेम येण्याच्या तोंडावर सहसंस्थापक डॅन हाउझर एका मुलाखतीत बोलून गेले की काही वेळा आठवड्याला १०० तास काम केलं. मग गदारोळ झाला. त्यांनी खुलासा केला की ते फक्त लेखनाच्या वरिष्ठ चौघांबद्दल आणि तीन आठवड्यांपुरतं होतं. त्यानंतर मात्र कर्मचारी उघडपणे बोलायला लागले आणि जादा तासांची बरीच कहाणी बाहेर आली. मला गेम प्रचंड आवडतो, आणि आर्थर खण उघडताना दर वेळी माझ्या मनात त्या ॲनिमेटरचा विचार येतो. दोन्ही खरं आहे.

कोलोराडोवासी

डेन्व्हरला राहते. हा गेम लेकामुळे घरात आला आणि माझाच झाला.

इथल्या प्रकाशाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. दुपारच्या वादळानंतर रॉकीजच्या कडेला ढग फाटतात आणि एकाच डोंगरावर उजेड पडतो, बाकी सगळं जांभळं. हे ज्यांनी पाहिलंय त्यांना गेममध्ये ते दिसताच ओळख पटते. एकोणिसाव्या शतकातल्या अल्बर्ट बीअरश्टाट वगैरे चित्रकारांनी हाच प्रकाश रंगवलाय, थोडा वाढवूनचढवून. गेमही वाढवूनच दाखवतो. पण अंतरं मात्र फसवी आहेत. बर्फाच्या डोंगरातून निघून लुइझियानासारख्या दलदलीत घोड्यावरून काही मिनिटांत पोचता येतं. प्रत्यक्षात गाडीनं निघालात तर वाटेत मुक्काम करावा लागेल.

बायसन. दुसऱ्या प्रकरणात टोळीतल्या चार्ल्सबरोबर बायसनच्या शिकारीला जातो आणि माळावर नुसते मारून टाकलेले बायसन पडलेले दिसतात. न खाल्लेले, न सोललेले. चार्ल्सची आई मूलनिवासी जमातीतली, वडील कृष्णवर्णीय. एरवी शांत असणारा हा माणूस त्या प्रसंगात जे करतो ते बघवत नाही. काही कोटींवरून हे जनावर १८८० चं दशक सरताना जेमतेम हजारावर आलं होतं. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर रॉकी माउंटन आर्सेनल नावाचं अभयारण्य आहे. पूर्वी तिथे रासायनिक शस्त्रं बनायची, आता २००७ पासून बायसन चरतात. पाहुणे आले की मी आधी तिथे नेते.

आणखी एक गंमत. गोल्डन गावाजवळच्या डोंगरावर बफेलो बिलची समाधी आहे. हा माणूस आधी बायसनचा शिकारी, मग त्यानं 'वाइल्ड वेस्ट'ची सर्कस काढली आणि १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला लागून तंबू ठोकला. त्याच वर्षी, त्याच शहरात फ्रेडरिक जॅक्सन टर्नर हा इतिहासकार 'सरहद्द संपली' असा निबंध वाचत होता. म्हणजे खरी गोष्ट संपायच्या आतच तिची तिकिटं विकायला सुरुवात झाली होती. गेममध्ये व्हॅलेंटाइनच्या दारूगुत्त्यात एक लेखक भेटतो. त्याला जिम बॉय कॅलोवे ह्या थोर बंदूकबाजाचं चरित्र लिहायचंय, आणि थोर बंदूकबाज शेजारी पिऊन पडलेला. ती सगळी उपकथा आवर्जून करा.

निवांत पाटील

कोलोराडोवासी ताई, प्रतिसाद आवडला. पण मूलनिवासींच्या बाबतीत गेमला एवढे मार्क देऊ नयेत असं माझं मत.

वापिटी ही जमात काल्पनिक. त्यांच्या राखीव जमिनीखाली तेल लागतं आणि सरकारला त्यांना हुसकायचंय. रेन्स फॉल हा सरदार आणि ईगल फ्लाइज हा तापट मुलगा, दोघं चांगली रंगवलीत. पण त्यांची कथा येते शेवटच्या भागात, आणि येते ती आर्थर किती बदलला हे दाखवण्यासाठी. त्यांचं सगळं उद्ध्वस्त होतं, आपल्याला पुण्य मिळतं. वुंडेड नीचं हत्याकांड १८९० चं, म्हणजे रेन्स फॉलच्या पिढीनं ते पाहिलेलं असणार. एवढ्या शंभर तासांच्या खेळात त्यांच्या शेकोटीशी बसायला आपल्याला किती वेळ मिळतो? धागाकर्त्यांचाच निकष लावतोय.

डचबद्दल मात्र लेखकांना दंडवत. पहिल्या प्रकरणात हा माणूस काय बोलतो! स्वातंत्र्य, निष्ठा, पुस्तकं. कोणीही मागे जाईल. 'माझ्याकडे योजना आहे, फक्त थोडा पैसा हवा, फक्त विश्वास ठेवा.' मग ताहितीला जाऊ, आंबे पिकवू. दर महिन्याला 'पुढच्या महिन्यात सगळा पगार नक्की' म्हणणारा मालक असतो, तसा. आणि तो खलनायक नक्की कुठल्या दिवशी झाला ते दाखवता येत नाही. मी दोनदा खेळून शोधलं. आधीपासूनच तसा होता आणि आर्थरला दिसायला वेळ लागला, असं आता वाटतं.

रानवारा

@निवांत पाटील, वापिटींच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. तो छेद बरोबर जागी बसलाय.

मिरजकर डॉक्टर

मोठा रसभंग पुढे आहे. खेळायचा असेल तर हा प्रतिसाद सोडा.

दुसऱ्या प्रकरणात स्ट्राउस ह्या टोळीतल्या सावकाराच्या वसुलीसाठी आर्थर थॉमस डाउन्स नावाच्या शेतकऱ्याला मारहाण करतो. तो खोकतो, रक्त आर्थरच्या तोंडावर उडतं. आपण पुढे निघून जातो, विसरतो. कित्येक तासांनी सेंट डेनिसच्या रस्त्यात आर्थर कोसळतो आणि डॉक्टर सांगतो, क्षय. ही मोहीम टाळता येत नाही. तुम्ही कितीही सज्जनपणे खेळा.

व्यवसायामुळे थोडं लिहितो. क्षयाची लागण सहसा बराच काळ जवळ राहिल्यानं होते, एका खोकल्यानं होणं अशक्य नाही पण नेहमीचं नाही. तेवढी सूट कथेला द्यावी. बाकीचं चित्र नीट आहे. ओढलेला चेहरा, लाल डोळे, चार वाक्यं बोलली की धाप. सेंट डेनिसचा डॉक्टर म्हणतो, कोरड्या उबदार हवेत जा, विश्रांती घे. त्याला दुसरं काही सांगताच आलं नसतं. कॉखनं २४ मार्च १८८२ ला जंतू दाखवला होता, पण स्ट्रेप्टोमायसिन हाती आलं १९४३ मध्ये. मधली साठेक वर्षं रोगाचं नाव माहीत आणि औषध नाही. वेस्टमधला खराखुरा बंदूकबाज डॉक हॉलिडे, मूळचा दंतवैद्य, ह्याच रोगानं कोलोराडोत ग्लेनवुड स्प्रिंग्जला १८८७ मध्ये गेला, छत्तिसाव्या वर्षी. आमच्याकडे वानलेसवाडीच्या सॅनेटोरियममध्ये हवा, आराम आणि सकस अन्न देत असत, ते ह्याच विचारातून.

धाग्याच्या मुद्द्याकडे. पेरणी आणि कापणी ह्यांत एवढं अंतर ठेवणं फक्त संथ खेळालाच परवडतं. दोन तासांच्या सिनेमात प्रेक्षकाला तो खोकला आठवत राहिला असता. इथे मी मधल्या काळात मासे पकडले, पत्ते खेळलो, दाढी वाढवली, कापली. आणि सहाव्या प्रकरणात रेल्वे स्टेशनवर आर्थर सिस्टर कॅल्डेरॉन ह्या जोगिणीला सांगतो की त्याला भीती वाटते. (तुम्ही आधी तिची कामं केली असतील तरच ती भेटते, नाहीतर त्या जागी रेव्हरंड स्वॉन्सन येतो.) आर्थरचं काम करणाऱ्या रॉजर क्लार्कनं ते वाक्य ज्या आवाजात म्हटलंय, तसं बोलणारे पेशंट मी पाहिलेत. त्याला २०१८ च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम अभिनयाचं पारितोषिक मिळालं ते योग्यच.

पक्षीवेडा

(रसभंग चालूच)

डॉक्टर, आर्थरच्या वहीबद्दलही लिहायला हवं होतं. तो दिसेल ते रेखाटत जातो, प्राणी, चर्च, माणसं. हात चांगला आहे. उपसंहारात १९०७ साली वही टोळीतल्याच जॉन मार्स्टनकडे येते आणि चित्रं एकदम बाळबोध होतात. कोणी काही बोलत नाही, पान उलटायची तसदी घेतलीत तरच कळतं.

खोडकर काका

जॉनला पोहताही येत नाही. चित्रकलेची काय अपेक्षा करता.

तिखटजाळ

रसभंगाचे प्रतिसाद वाचले नाहीत, डोळे मिटून खाली आलो. कोणीतरी सांगा, हॅमिश नावाचा लाकडी पायाचा म्हातारा तळ्याकाठी भेटला. त्याचा घोडा आणि पाय दोन्ही पळाले होते, आणून दिले. परत जाऊ का? काही मिळतं का?

कोलोराडोवासी

जा. मासेमारीला नेतो. मिळण्याचं विचारू नका.

नवखा घोडेस्वार

धागा वाचून घ्यायचं ठरवलंय. दोन शंका. एक, माझा लॅपटॉप साधारण आहे, चालेल का? दोन, आता पहिला भागही पीसीवर आलाय म्हणे, तर आधी कुठला खेळू?

बंगळूरचा चित्रकार

डिस्कवर १५० जीबी मोकळी लागते, ते आधी बघा. पाणी आणि सावल्यांचे पर्याय खाली आणले की मध्यम मशीनवरही बऱ्यापैकी चालतो. हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असेल तर वाट बघणं कमी होईल. कंट्रोलर असेल तर उत्तम. घोडेस्वारी कीबोर्डवर जमते, पण मजा येत नाही.

पहिला भाग २०१० चा, पीसीवर यायला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. पण त्याची कथा १९११ ची आहे, म्हणजे दुसऱ्याच्या नंतरची. मी म्हणेन आधी २, मग १.

निवांत पाटील

मी उलट सांगेन. पहिला आधी खेळला की जॉनचं, टोळीतल्या बिलचं, डचचं पुढे काय होणार ते माहीत असतं, आणि दुसऱ्यातली प्रत्येक हसतीखेळती संध्याकाळ वेगळी वाटते. फक्त पहिला जुना आहे, हाताला जरा राठ लागेल.

रानवारा

@नवखा घोडेस्वार, २ आधी घ्या. कोल्टरचं प्रकरण लांबतं, तिथे सोडू नका. हॉर्सशू ओव्हरलुकच्या छावणीला पोचलात की कथा चार दिवस बाजूला ठेवा. होझिया अस्वलाच्या शिकारीला बोलावेल, त्याच्याबरोबर जा. छावणीत आधी डचचा आणि मग आर्थरचा तंबू सुधारला की झटपट प्रवासाचा नकाशा मिळतो, पण तो लगेच घेऊ नका. आणि ऑनलाइन भागाच्या नादी लागू नका, २०२२ पासून त्यात मोठी भर घालणं रॉकस्टारनं थांबवलंय.

तिखटजाळ

नकाशा लगेच घ्या. ह्यांचं ऐकू नका, ह्यांना सकाळी लोकल पकडायची नसते.

रानवारा

७:४२ ची पकडतो हो, रोज.